आधी थांबायला शिका!

मैत्रिणींनो, चाळिशी उलटल्यावर नवं काही शिकायचं म्हटलं, की पहिला प्रश्न मनात येतो, 'लोक काय म्हणतील?' २०२४च्या मार्चमध्ये आमच्या भिशीतल्या सहा जणी काश्मीरला गेलो आणि गुलमर्गच्या बर्फात हा प्रश्न मी विसरून आले.

गुलमर्ग म्हणजे फुलांचं कुरण. हिवाळ्यात मात्र सगळं पांढरंशुभ्र! खाली, सुमारे २६५० मीटर उंचीवर, उतार अगदी सौम्य. स्कीइंगच्या नवशिक्यांची शाळा इथेच भरते. तिथून गोंडोला, म्हणजे केबल कार, कोंगडोरीला नेते. इथले उतार वळायला नि थांबायला जमतं त्यांच्यासाठी. २००५मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा थेट अफरवाटला, जवळजवळ ३९५० मीटरवर पोचवतो. तिथून घसरत उतरणं मुरलेल्यांचंच काम. त्यांनाही धोका असतोच. फेब्रुवारी २०२३मध्ये तिथे हिमस्खलनात दोन परदेशी स्कीपटू दगावले.

मी अर्थातच खालच्या शाळेत. पायात जडच्या जड बूट. शिकवणारा काश्मिरी मुलगा म्हणाला, "दीदी, पहले रुकना सीखो." पट्ट्यांची पुढची टोकं जवळ, मागची लांब ठेवायची, की वेग कमी होतो. चार वेळा आपटले. शेजारून सात-आठ वर्षांची पोरं सुळकन निघून गेली. मैत्रिणी पोट धरून हसल्या, मीही हसले. पाचव्यांदा मात्र दहा पावलं घसरून स्वतःहून थांबले. काय आनंद झाला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी आम्ही गोंडोलाने निघालो. कोंगडोरीला शेजारच्या वहिनींना धाप लागली, डोकं गरगरू लागलं. त्यांना ब्लडप्रेशरचा त्रास. तरी त्यांचा हट्ट, "पैसे भरलेत, वर जायचंच." मी म्हटलं, "वहिनी, पैसे परत मिळवू. तुम्ही कुठे मिळाल?" बाकीच्या वर गेल्या, आम्ही दोघी खाली परतलो. गरम कहवा पिताना त्यांचे डोळे भरून आले. "माझ्यापायी तुझंही राहिलं गं."

राहिलं खरं. पण त्या मुलाचा धडा मला तेव्हा नीट कळला. दुसऱ्याचं पाहून चढायचं नाही आणि आपल्या पायरीची लाजही बाळगायची नाही.

वहिनी सध्या स्कूटर शिकताहेत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आधी ब्रेक दाखव!"