इंग्रजी लेखनातील विकल्पवाचक शब्दयोजना : मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने

भारतीय साहित्याविषयी आपले म्हणणे अन्य भाषिक अभ्यासकांपर्यंत पोहोचवावयाचे तर आज पुष्कळदा इंग्रजीचा आश्रय करावा लागतो. अशा लेखनात शब्दसंग्रहाची उणीव सहसा जाणवत नाही. जाणवते ती वाक्यावाक्यांना सांधणाऱ्या लहान शब्दांच्या योजनेत. त्यातही विकल्प सुचविणारे शब्द विशेष फसवे आहेत. ज्याला मूळ ग्रंथ वाचता येत नाही अशा वाचकाला लेखकाच्या वाक्याखेरीज दुसरा आधार नसतो. तेथे विकल्पवाचक शब्द चुकला तर दोन भिन्न गोष्टी त्याला एकच वाटतात, अथवा एकाच गोष्टीची दोन नावे म्हणजे दोन गोष्टी वाटू लागतात. या शब्दांमागील अर्थभेद मराठीच्या आधाराने स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विकल्प म्हणजे केवळ ‘हे किंवा ते’ नव्हे, ही जाण आपल्या व्याकरणपरंपरेला प्राचीन काळापासून आहे. पाणिनीने विकल्प सांगताना ‘वा’, ‘विभाषा’ आणि ‘अन्यतरस्याम्’ असे तीन शब्द योजिले. परंपरेने ते समानार्थी मानले. पॉल किपार्स्की यांनी मात्र 1979 मध्ये पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राच्या सहयोगाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ‘वा’ने सांगितलेले रूप अधिक पसंतीचे, ‘विभाषा’ने सांगितलेले कमी पसंतीचे, आणि ‘अन्यतरस्याम्’ने सांगितलेली दोन्ही रूपे समान मोलाची होत. हे मत सर्वमान्य झाले असे नाही. तथापि विकल्प मांडताना लेखकाचा कल कोणीकडे आहे हेही शब्दाने सूचित व्हावे, ही अपेक्षा त्यातून स्पष्ट होते, आणि ती इंग्रजी लेखनालाही लागू आहे.

मराठी व्याकरणात ‘किंवा’, ‘अथवा’, ‘वा’, ‘की’ यांची गणना विकल्पबोधक उभयान्वयी अव्ययांत होते. यांपैकी ‘की’ इतरांहून निराळा आहे. ‘चहा घेणार की कॉफी?’ या प्रश्नाला दोहोंपैकी एकाचे नाव हेच उत्तर हवे असते. ‘चहा किंवा कॉफी घेणार का?’ याचे उत्तर मात्र ‘हो’ असेही देता येते. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘ऑर’ हाच शब्द येतो आणि भेद स्वराच्या चढउताराने दाखविला जातो. कागदावर स्वर उमटत नाही. म्हणून जेथे मराठी लेखकाच्या मनात ‘की’ असेल तेथे इंग्रजीत ‘व्हेदर – ऑर’ ही जोडी किंवा ‘विच’ने आरंभ होणारा प्रश्न योजणे इष्ट. ‘ही रचना मौखिक आहे की लिखित, हे सांगता येत नाही’ या वाक्याला ‘व्हेदर’वाचून इंग्रजीत नीट आकार येत नाही.

दुसरा घोटाळा पर्यायी नावांचा. एखाद्या शब्दाचा खुलासा करताना मराठीत आपण ‘अर्थात’ किंवा ‘म्हणजे’ लिहितो. इंग्रजीत हे कामही ‘ऑर’कडेच आहे, फरक असतो तो स्वल्पविरामाचा आणि उपपदाचा. ‘द पोवाडा, ऑर हिरोइक बॅलड,’ असे दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम देऊन लिहिले म्हणजे दुसरा शब्द पहिल्याचा खुलासा ठरतो. उलट ‘अ‍ॅन ओवी ऑर अ‍ॅन अभंग’ असे उपपदाची पुनरुक्ती करून आणि स्वल्पविरामावाचून लिहिले तरच या दोन भिन्न रचना आहेत हे वाचकाला कळते. 1290 ची ज्ञानेश्वरी ओवीबद्ध आहे, तर तुकोबांची गाथा अभंगांची आहे. दोन्ही छंदांचे नाते निकटचे असले तरी ती एकाच छंदाची दोन नावे नव्हेत. चुकीच्या जागी पडलेला एक स्वल्पविराम परभाषिक वाचकाच्या मनातून हा भेद पुसून टाकू शकतो.

तिसरी गोष्ट ‘नाहीतर’ या शब्दाची. ‘तू स्वतः ये, नाहीतर पत्र पाठव’ यात खरा विकल्प आहे. ‘वेळेवर नीघ, नाहीतर गाडी चुकेल’ यात विकल्प नसून परिणाम आहे. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी साधा ‘ऑर’ पुरतो. दुसऱ्या ठिकाणी ‘अदरवाइज’ किंवा ‘ऑर एल्स’ लागतो. त्यांतही ‘ऑर एल्स’मध्ये धाकाची छटा सहज येते, म्हणून शास्त्रीय लेखनात ‘अदरवाइज’ अधिक शोभतो. ‘किंबहुना’चेही असेच आहे. आधीचे विधान सुधारून अधिक नेमके किंवा अधिक ठाम करण्यासाठी आपण तो योजतो. इंग्रजीत सुधारणा दाखवावयाची असल्यास ‘ऑर रादर’ आणि ठामपणा वाढवावयाचा असल्यास ‘इंडीड’ योजावे. नुसत्या ‘ऑर’ने यांपैकी काहीच साधत नाही.

वाक्याच्या आरंभी येणाऱ्या शब्दप्रयोगांत अधिक सावधगिरी हवी. मराठीतील ‘दुसरीकडे’ मनात धरून ‘ऑन द अदर हँड’ लिहिण्याची सवय आपल्याकडे रूढ आहे. या प्रयोगाने दोन बाजूंतील विरोध दाखविला जातो, आणि त्या दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ‘ऑल्टर्नेटिव्हली’ने मात्र एका मार्गाऐवजी दुसरा मार्ग पुढे केला जातो. एखाद्या पाठभेदाची दोन संभाव्य कारणे देताना दुसऱ्या कारणाच्या आरंभी ‘ऑल्टर्नेटिव्हली’ हवे. एका प्रतीत पाठ आहे व दुसरीत नाही, एवढेच सांगावयाचे असेल तर ‘ऑन द अदर हँड’ चालेल. ‘इन्स्टेड’चा अर्थ याहून निराळा, कारण त्यात पहिला मार्ग सोडून दिला गेल्याचे गृहीत असते. ‘ऑल्टर्नेटली’ म्हणजे आळीपाळीने. अमेरिकन इंग्रजीत ‘ऑल्टर्नेट’ हे विशेषण ‘पर्यायी’ या अर्थाने रूढ असले तरी ही दोन क्रियाविशेषणे विद्वत्तापूर्ण लेखनात वेगळी राखणेच योग्य.

‘आयदर – ऑर’ या जोडीत शब्दांच्या स्थानाला महत्त्व आहे. ‘आयदर’नंतर येणारी रचना आणि ‘ऑर’नंतर येणारी रचना एकाच घाटाची असावी. कवीने मराठीत किंवा फारसीत लिहिले असावे असे म्हणताना ‘आयदर’ क्रियापदाच्या आधी ठेवला तर वाचक पुढे दुसऱ्या क्रियापदाची वाट पाहतो. ‘आयदर इन मराठी ऑर इन पर्शियन’ अशी रचना केली म्हणजे तोल सावरतो. शिवाय ‘आयदर’चा प्रकृत अर्थ दोहोंपुरता आहे. विकल्प तीन किंवा अधिक असतील तर तो गाळणे बरे.

शेवटचा प्रश्न असा की, ‘ऑर’ म्हटल्यावर दोन्ही गोष्टी एकत्र संभवतात की नाही? याचे बोलके उदाहरण कायद्याच्या भाषेत आढळते. 1860 च्या भारतीय दंड संहितेत अनेक कलमांत कारावास किंवा दंड असे म्हणून न थांबता ‘ऑर विथ बोथ’ हे शब्द पुढे जोडलेले होते. तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही शब्दयोजना कायम आहे. जेथे एका शब्दाच्या अर्थावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असते तेथे केवळ ‘ऑर’वर विसंबलेले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

साहित्याच्या अभ्यासकानेही हाच दंडक पाळावा. इंग्रजीत ‘ऑर’ लिहिण्यापूर्वी आपल्या मनात ‘की’ आहे, ‘किंवा’ आहे, ‘अर्थात’ आहे, ‘नाहीतर’ आहे की ‘किंबहुना’, हे स्वतःला विचारावे. मराठीने हे भेद शब्दाशब्दांत जपून ठेवले आहेत. इंग्रजी वाक्य लिहिताना त्यांचा आधार घेतला, तर आपल्या ग्रंथांविषयी दूरच्या वाचकाचा होणारा गैरसमज पुष्कळ अंशी टळेल.