डिस्प्लेवरचा कोन आणि टेबलाचा कोन

भोसरी असो वा कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी, जुन्या बोरिंग मशीनवरचं तीन फुटी रोटरी टेबल अजून कामाला जुंपलेलं दिसतं. ओतीव लोखंडाचं अंग पक्कं, बेअरिंग शाबूत. वैताग येतो तो झिजलेल्या डायलवरच्या रेघा वाचताना. मग कोनाचा डीआरओ, म्हणजे एन्कोडरने मोजलेला कोन आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले, बसवायचं ठरतं. निर्णय चांगलाच आहे. पण एन्कोडर कुठे आणि कसा बसवायचा याबद्दलच्या काही समजुतींमुळे खर्च करूनही कोन चुकीचाच राहतो.

पहिली समजूत: एन्कोडर हँडलच्या शाफ्टला लावला की झालं. हिशेब मोहात पाडणारा आहे. वर्मचं प्रमाण 90:1 असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात टेबल 4 अंश फिरतं. 1000 रेघांचा साधा एन्कोडर चौपट मोजणीने फेऱ्याला 4000 पल्स देतो, म्हणजे टेबलाच्या पूर्ण फेऱ्याला 3,60,000. एक पल्स 3.6 सेकंदांची, आणि सेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग. आकडा कितीही देखणा असला तरी मोजलं गेलं ते हँडल. उलट फिरवताना बॅकलॅश संपेपर्यंत आकडे पळतात आणि टेबल जागचं हलत नाही. वर्म व्हीलच्या दात्यांमधली चूक, रोजच्या वापराने एकाच भागात झालेली झीज, यातलं काहीही डिस्प्लेला कळत नाही. वर्म मुळात ढोबळ असतो असं मात्र नाही. लंडनच्या जेसी रॅम्स्डेनने 18व्या शतकात सेक्स्टंटवर अंश आखण्यासाठी केलेलं यंत्र 2160 दात्यांच्या चाकावर आणि वर्मवरच चालत होतं. वर्म उत्तम असेल आणि तुम्ही दरवेळी एकाच बाजूने येत असाल तर हँडलवरचा एन्कोडर चालून जातो. जुन्या टेबलाच्या बाबतीत ही खात्री कोण देणार? म्हणून एन्कोडर टेबलाच्या अक्षावरच हवा.

डिस्प्लेवर दशांश स्थळं जास्त म्हणजे अचूकता जास्त, हीसुद्धा फसवी समजूत. टेबलाचा व्यास 900 मिमी धरा. कडेला एक सेकंद म्हणजे सुमारे 2.2 मायक्रॉन. 9000 रेघांचा एन्कोडर चौपट मोजणीने 0.01 अंश दाखवतो. तेवढ्यात कड जवळजवळ 79 मायक्रॉन सरकते. याहून बारीक आकडा दाखवणारा एन्कोडर मिळतो, पण तो आकडा खरा ठरतो की नाही हे बसवणाऱ्याच्या हातात असतं.

सगळ्यात घातक समजूत वेगळीच आहे, कारण ती तपासणीच्या वेशात येते: ‘पूर्ण फेरा मारला, डिस्प्लेवर बरोबर शून्य आलं, म्हणजे एन्कोडर नीट बसलाय.’ शून्य येणारच. एन्कोडरच्या रिंगचं केंद्र टेबलाच्या अक्षापासून सरकलेलं असलं तरी एका फेऱ्यात तेवढ्याच रेघा रीडहेडखालून (रेघा वाचणाऱ्या भागाखालून) जातात. फक्त अर्ध्या फेऱ्यात वाचन पुढे धावतं, उरलेल्या अर्ध्यात मागे पडतं, आणि शेवटी हिशेब चोख जुळतो.

ही चूक किती मोठी असते ते पाहा. 200 मिमी व्यासाची रिंग बसवली आणि टेबल फिरवताना डायल गेजने एकूण 20 मायक्रॉन दाखवले. बहुतेक शॉपमध्ये याला ‘झकास’ म्हणतील. केंद्र 10 मायक्रॉनने सरकलंय, आणि कोनातली चूक जाते अधिक-उणे 20 सेकंदांपर्यंत. समोरासमोरची दोन भोकं नेमकी या दोन टोकांना पडली तर त्यांच्यातला कोन 41 सेकंदांनी चुकतो. टेबलाच्या कडेला हे 90 मायक्रॉन होतात. उपाय दोन. रिंग बोअरच्या भरवशावर न बसवता टेबल फिरवत डायल लावून तिला खऱ्या अक्षावर आणणं. आणि शक्य असेल तर समोरासमोर, 180 अंशांवर, दोन रीडहेड लावून सरासरी घेणं. एक हेड जेवढं पुढे वाचतं तेवढंच दुसरं मागे, त्यामुळे केंद्र सरकल्याची चूक कटून जाते. माझ्या मते जादा दशांश स्थळावर पैसे घालण्यापेक्षा ते दुसऱ्या हेडवर घालावेत.

मग टेबलाच्या कडेलाच चुंबकीय टेप गुंडाळली तर? व्यास मोठा असल्याने केंद्राची चूक खरोखरच कमी भोवते. अडचण असते सांध्याची. 900 मिमी व्यासाचा परिघ 2827 मिमी. 5 मिमीच्या चुंबकीय पट्ट्या 565 पूर्ण बसतात आणि जवळपास अर्धी उरते. टेपची जाडी धरून खाच नेमक्या व्यासाची टर्न करावी, नाहीतर सांधा हेडखाली येणारच नाही एवढ्याच फेऱ्यात काम करावं. शिवाय चिप आणि कूलंटपासून टेप झाकावी लागते.

तापमानाची भीती मात्र बरीचशी अनाठायी. लोखंडी रिंग सगळीकडून सारखी तापली तर व्यास वाढतो, कोन बदलत नाही. वर्तुळ 360 अंशांचंच राहतं. एकाच बाजूला ऊन किंवा गरम कूलंट लागत असेल तर काळजी करा.

‘डीआरओ आला, बॅकलॅश गेला’ हेही खरं नाही. बॅकलॅश आता दिसतो, एवढंच. कटरचा जोर आला की टेबल तेवढं डोलणारच, म्हणून क्लॅम्प हवाच. क्लॅम्प आवळताना डिस्प्लेकडे बघा: शेवटचे आकडे सरकतात. क्लॅम्पने टेबल ढकललं, आणि एन्कोडर अक्षावर आहे म्हणूनच ते कळलं. वाचन घ्यायचं ते आवळल्यानंतरचं.

तपासणीसाठी बारा बाजूंचा पॉलिगॉन आणि ऑटोकोलिमेटर मिळाला तर उत्तमच. नसेल तर साधारण 30 अंशांचा, न बदलणारा एक कोन टेबलावर 0, 30, 60 असा बारा जागी मोजा. तो कोन नेमका 30 नसला तरी बिघडत नाही. पूर्ण वर्तुळात एन्कोडरच्या चुका एकमेकींना खोडतात, त्यामुळे बारा वाचनांची सरासरी हाच त्या कोनाचा खरा आकडा. कुठलं वाचन सरासरीपासून किती हटलंय ते कागदावर मांडलं की टेबलाच्या कुठल्या भागात किती चूक आहे ते समजतं. हा तक्ता मशीनलाच चिकटवून ठेवावा आणि टेबल उघडून पुन्हा बसवलं की नव्याने करावा.