परतलेल्या सैनिकांची नावे

चंद्रपूर जिल्ह्यात माणिकगडच्या डोंगररांगेजवळचे गडचांदूर राज्याला ठाऊक आहे ते सिमेंटमुळे. इथल्या चुनखडीवर कारखाने उभे राहिले आणि गाव वाढत गेले. त्याच गावातून आणि कोरपना, जिवती, राजुरा या तालुक्यांतून फौजेत गेलेल्यांची ओळख मात्र बहुधा घराच्या उंबऱ्यापुरतीच राहते. सातारा-कोल्हापूरकडे सैनिकी परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तशी ती वनपट्ट्यात नाही. म्हणूनच इथे प्रत्येक सैनिकाची नोंद गावाने जपणे अधिक गरजेचे आहे.

चित्र आहे, नाव नाही

लढणाऱ्याची आठवण दगडात ठेवण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. वीरगळ या स्मृतिशिळेच्या खालच्या चौकटीत लढाई असते, तिच्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि त्याहून वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावरचे सूर्य-चंद्र सांगतात, की ते असेतोवर ही कीर्ती राहील. पण बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. कीर्ती राहिली, ती कुणाची हे हरवले.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने देशभर अनेक गावांत लहान शिलालेख बसवले. या गावातून महायुद्धाला अमुक माणसे गेली, त्यांपैकी अमुक कामी आली, एवढाच त्यांवर मजकूर. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. तिथे स्मारक झाले आणि ‘मिलिटरी अपशिंगे’ ही गावाची ओळख बनली. या शिलालेखांची एक गोष्ट मोलाची आहे. त्यांत मेलेल्यांबरोबर गेलेल्यांचाही आकडा आहे. पण तो आकडाच. गेले कोण आणि परतले कोण, हे दगड सांगत नाही.

नावांनी काय घडते

नाव कोरल्याने काय घडते, ते कोरेगाव भीमा येथे दिसते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने तिथे जयस्तंभ उभारला. त्यावरच्या ४९ नावांपैकी २२ महार सैनिकांची आहेत. कंपनीने स्तंभ बांधला तो स्वतःच्या विजयासाठी. पुढे १८९० नंतरच्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्या बंदीविरुद्ध अर्ज-विनंत्यांचा लढा चालवला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्तंभाला अभिवादन करायला गेले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. ज्यांना लढवय्ये मानायलाच सरकार तयार नव्हते, त्यांच्या पूर्वजांची नावे सरकारच्याच दगडावर होती. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांच्या धम्मदीक्षा सोहळ्याचा मान मिळालेल्या चंद्रपूरला या नावांचे मोल वेगळे सांगायला नको.

दोन शिपाई

दुसऱ्या महायुद्धात इटलीत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले, ५,७८२ मृत्युमुखी पडले. इटलीत लढलेल्यांपैकी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी एकटेच शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि तिथेच पडले. तेव्हा ते २२ वर्षांचे होते. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या माँतोने गावानेही त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. दुसरे, पूर्वीच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी त्यांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून बाहेर काढले आणि शत्रूची मशीनगन ठाणी उद्ध्वस्त केली. ते परतले आणि १९८४ पर्यंत जगले. दोघांच्या शौर्यात डावे-उजवे करता येत नाही. जाधवांचे नाव निदान पदकामुळे इतिहासात गेले. पदक नसलेला, सुखरूप परतलेला शिपाई कुठल्या दगडावर असतो?

दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात २०१९ पासून हजारो नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत, पण ती वीरगती मिळालेल्यांची. २०२३ च्या ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींत शिलाफलक लागले. तिथेही मान देशासाठी प्राण दिलेल्यांचाच. शेजारच्या गडचिरोलीने पोलीस शहिदांचा शोक वारंवार पाहिला. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक गेले. प्राण दिलेल्यांचा मान पहिला, यात वाद नाही. पण ज्याने सियाचीनच्या बर्फात किंवा राजस्थानच्या वाळूत तारुण्य घालवले, तो केवळ जिवंत परतला म्हणून गावाच्या स्मृतीबाहेर राहावा, हे न्यायाचे नाही.

आता करायचे काम

१९७१ च्या युद्धात विशीत असलेले जवान आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या डिस्चार्ज बुकात पलटण, सेवेची वर्षे आणि पदके लिहिलेली असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची नोंदणी असते. नगर परिषदेने, शाळांनी आणि माजी सैनिकांनी एकत्र बसून ही माहिती जुळवावी. नाव, गाव, पलटण, सेवाकाल, एवढे चार रकाने पुरेत. वीरमाता आणि वीरपत्नींचा स्वतंत्र उल्लेख असावा. सैनिक हयात असताना मुलांनी त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात.

मोठ्या निधीची वाट पाहू नये. पुण्याचे युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि १९९८ च्या स्वातंत्र्यदिनी खुले झाले. गडचांदूरला त्याहून लहान काम करायचे आहे. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. त्या दिवशी गावातल्या माजी सैनिकांना शाळेत बोलवा, पहिली यादी मोठ्याने वाचा आणि राहिलेली नावे तिथेच भरून घ्या. दगड नंतर कोरता येईल. यादीला मात्र या वर्षीच हात घाला.