एका माणसाची नाव : घेताना काय पाहावे?

धाम, निम्न वर्धा यांसारखी धरणे आणि गावोगावचे तलाव यांच्या साचलेल्या पाण्यावर आमच्या वर्धा जिल्ह्यातील अनेक भोई-ढिवर कुटुंबांची रोजी चालते. रोहू, कटला धरण्यासाठी प्रत्येकाला मोठी नाव परवडत नाही. आमचा धंदा कापडाचा. पण नायलॉनचा दोर आणि ताडपत्री नेणारी ही गिऱ्हाइके नेहमी विचारतात, स्वस्तात काय घ्यावे? त्याचा हा हिशेब.

सर्वांत स्वस्त ट्रकची ट्यूब. तिच्यात हवेचा कप्पा एकच. बाभळीचा एक काटा लागला की संपले. शिवाय पाय खाली लोंबतात आणि आपल्याच जाळ्यात गुंततात. अमेरिकेत हौशी लोक तळ्यात गळ टाकायला अशाच तरंगत्या आसनात बसतात. पण त्याच्या नव्या बनावटीत हवेचे कप्पे एकाहून अधिक असतात आणि त्यांच्या हाती गळ असतो, जाळे नव्हे.

दुसरा प्रकार थर्माकोलचा तराफा. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, अर्धा फूट जाड म्हणजे ९ घनफूट. एक घनफूट पाणी सुमारे २८ किलो भरते, म्हणून असा तराफा बुडेपर्यंत अंदाजे २५० किलो पेलतो. परंतु वजन निम्म्याहून कमीच ठेवावे. माणूस, ओले जाळे आणि मासळी सर्व धरून. थर्माकोल उन्हाने भुगा होतो, पेट्रोल लागले तर विरघळतो. म्हणून त्याला आवरण हवे. सुती कॅनव्हास पाणी पिऊन जड होतो. प्लॅस्टिकची ताडपत्री घ्यावी आणि सुतळीऐवजी नायलॉनच्या दोराने बांधावी. सुतळी पाण्यात कुजते.

तिसरी फायबरची लहान नाव. टिकाऊ, पण महाग. ती सहकारी संस्थेमार्फत घेणे बरे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य ठेवले होते. आज काय मिळते ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून मगच सौदा करावा. बोर अभयारण्य २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. तेथील पाण्यात उतरण्याआधी वनखात्याला विचारावे.

एक कबुलीही द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी एका जुन्या गिऱ्हाइकाला आम्ही तराफ्यासाठी ताडपत्री विकली. दाम कमी केला, खूश केले. जीवरक्षक जाकीट आहे का, हे विचारले नाही. दुपारच्या वाऱ्याने तराफा भर पाण्यात लोटला आणि बुडालेल्या झाडाच्या खुंटावर उलटला. खुंट धरून राहिला म्हणून तो वाचला. तेव्हापासून आम्ही भावाच्या आधी जाकिटाचे विचारतो.

तराफ्यावर उभे राहू नये, एकट्याने जाऊ नये, वारा सुटण्याआधी काठ गाठावा. साधनात वाचवलेला पैसा नफा नव्हे. माणूस संध्याकाळी घरी परतला, तोच नफा.