आजोबा मुंबईला निघाले

मुलुंड पश्चिमेला योगी हिलच्या अंगाला इमारती संपतात आणि लगेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर सुरू होतो. अधूनमधून एखाद्या सीसीटीव्हीत मध्यरात्री पार्किंगमधून चाललेला बिबट्या दिसतो. सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागणी ठरलेली: पिंजरा लावा, पकडा आणि लांब नेऊन सोडा. 'लांब' म्हणजे किती लांब, हे मात्र कोणी लिहीत नाही.

एप्रिल २००९च्या अखेरीस नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला वर काढलं. विद्या अत्रेय यांच्या संशोधक चमूने त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. वयाने मोठा, स्वभावाने शांत, म्हणून नाव पडलं आजोबा. मग अरेतुरे कसं करणार?

पट्ट्याचं काम सोपं. उपग्रहांवरून आपली जागा ओळखायची आणि मोबाइलची रेंज मिळाली की एसएमएसने कळवायची. आता टाकळी माळशेजच्या पूर्वेला. आजोबा मागे फिरतील असं कुणालाही वाटलं असतं, पण एसएमएस येऊ लागले ते पश्चिमेकडून! कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ, मुंबई-आग्रा महामार्ग, वसईकडची कारखान्यांची वस्ती असं करत, शेवटी खाडी पोहून आजोबा थेट आपल्या संजय गांधी उद्यानात. महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर. वाटेत गावं लागली, माणसं लागली. त्यांनी कुणाला ओरखडाही काढला नाही. ते मुळात इथलेच होते का? पट्टा फक्त 'आत्ता कुठे' एवढंच सांगतो.

'लांब सोडा'चा हिशोब जुन्नरने आधीच मांडून ठेवला होता. तिथे २००१पासून उसातले बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले जाऊ लागले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. ते १७वर गेले, तेही सोडलेल्या जागांच्या आसपास. पिंजऱ्याच्या धसक्यातून सुटलेल्या जनावराला परक्या मुलखात ना शिकारीच्या जागा माहीत, ना पाणवठे. शिवाय रिकामी झालेली हद्द दुसरा बिबट्या धरतो. म्हणजे सोसायटीला पाहुणा नवाच, आणि तोही बिनओळखीचा.

उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं. २०१५च्या कॅमेरा-ट्रॅप गणतीत त्यात आणि आसपास ३५ बिबटे मोजले गेले. त्यांच्या खाण्यात वजनाने साधारण पाव हिस्सा भटक्या कुत्र्यांचा. म्हणजे रस्ता दाखवणारे आपणच: कचऱ्यामागे कुत्रा, कुत्र्यामागे बिबट्या. ग्रुपवर पिंजऱ्याची मागणी करणाऱ्यांपैकी काही जण कचराकुंडीचं झाकणही लावत नाहीत, हे मी वॉचमनकडून ऐकलेलं.

काही आठवड्यांनी आजोबांच्या पट्ट्याचे एसएमएस थांबले. पुढे अडीचेक वर्षं त्यांचा पत्ता नव्हता. डिसेंबर २०११मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेने एक नर बिबट्या मेला. त्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप होती. अशा चिपला बॅटरी नसते. वाचक यंत्र जवळ नेलं की त्याच्याच ऊर्जेवर ती आपला क्रमांक सांगते. तो क्रमांक आजोबांचा निघाला.