जनरेटर सुरू होतो अन् लगेच बंद पडतो? ऑइल सेन्सरची वायर कापण्याआधी हे तपासा

वीज गेली, दोरी ओढली, जनरेटर क्षणभर धडधडला आणि गप्प झाला. टाकीत पेट्रोल आहे, प्लगही नवा आहे. मग गॅरेजवाला एक वायर कापतो, टेप गुंडाळतो आणि मशीन सुरू! छोट्या पोर्टेबल जनरेटरवर हा जुगाड सर्रास चालतो. ती वायर बहुतेकदा लो-ऑइल सेन्सरची असते.

सेन्सर काय करतो?

बहुतेक मॉडेल्समध्ये इंजिनाच्या तळाशी ऑइलवर तरंगणारा फ्लोट असतो. ऑइल घटले की तो खाली येतो, आतला स्विच जोडला जातो आणि इग्निशन कॉइल अर्थ होते. स्पार्क बंद, इंजिन बंद. बाइकच्या किल-स्विचसारखेच. म्हणूनच इंजिन आचके देत बंद पडत असेल तर संशय सेन्सरवर नको, पेट्रोलच्या वाटेवर घ्या.

आधी जनरेटर सपाट जागी ठेवा. टेम्पोत किंवा मंडपामागच्या उतारावर ऑइल एका बाजूला सरकते आणि पुरेसे असूनही सेन्सर इंजिन थांबवतो. अनेक छोट्या इंजिनांत ऑइल जेमतेम अर्धा लिटरच्या आसपास असते, त्यामुळे थोडी घटही जाणवते. डिपस्टिक आटे फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे मॅन्युअलमध्ये पाहा. इथे बरेच जण चुकतात.

ऑइल बरोबर आहे, तरी बंद?

स्विच ऑफ करून सेन्सरचे कनेक्टर काढा. इंजिन काही सेकंदच चालवून पाहा. सुरू राहिले, तर दोष सेन्सर किंवा त्याच्या वायरमध्ये. आता इंजिन बंद ठेवून मल्टिमीटरने सेन्सरची वायर आणि इंजिनाची बॉडी तपासा. ऑइल पुरेसे असताना बीप वाजायला नको. वाजला, तर वायर कुठे सोलली आहे का ते पाहा. नसेल, तर फ्लोट गाळात अडकला असावा. इंजिन कोमट असताना ऑइल बदलल्यावर कधीकधी तो सुटतो.

नाहीच सुटला, तर सेन्सर बदलावा लागतो. त्यासाठी अनेक इंजिनांचे साइड कव्हर उघडावे लागते. वायर कापणे सोपे वाटते ते यामुळेच. पण नंतर ऑइल संपले तर थांबवणारे कोणी नसते. इंजिन जाम होते, कनेक्टिंग रॉडही तुटू शकतो.

ही सगळी तपासणी उघड्यावरच करा. बंद गाळ्यात जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो आणि त्याला वास नसतो.