घरचा चार्जर बदलताय? आधी गाडीत काय आहे ते बघा!

मे महिन्यात आमच्या धरणगावच्या घरातला इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायचा १६ अँपिअरचा सॉकेट काळा पडला, प्लगचं प्लास्टिक वितळून आतच चिकटलं. दोष चार्जरचा नव्हता. सॉकेटची पकड सैल झाली होती आणि रोज सात-आठ तास करंट चालू. नवा चार्जर शोधताना जे कळलं ते सांगतो.

🔌 भिंतीवरचा डबा खरा चार्जर नव्हेच! एसीचं डीसी करणारं यंत्र गाडीत असतं. ते ३.३ किलोवॅटचं असेल तर ७.२ चा डबा लावूनही वेग तेवढाच. टियागो इव्हीत दोन्ही प्रकार आलेत. आपली कोणती, ते पाहा.

⚡ २३० व्होल्ट × ३२ अँपिअर = ७.३६ किलोवॅट. व्होल्टेज २०० वर घसरलं की ६.४ च.

📄 महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ बघा. २ किलोवॅटच असेल तर आधी भारवाढीचा अर्ज.

🧰 ३२ अँपिअरला स्वतंत्र तांब्याची वायर, किमान ६ चौरस मिमी. लांब अंतराला १०. शिवाय वेगळा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी.

🌍 उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो नि चार्जर लाल दिवा दाखवतो. अधूनमधून पाणी घाला.

आणि खरं सांगू? रोज फक्त जळगावला ये-जा असेल तर ३.३ चा चार्जरही रात्रीत आरामात पुरतो. मग पैसे डब्यावर नको, वायरिंगवर घाला!